न सांगितलेले सुतक

पाण्यावरून परतलेला कोवळा उजेड छतावर थरथरत होता. मोटारहोमच्या वरच्या फळीवर मी पाठीवर पडून होते, आणि हाताच्या अंतरावरच्या त्या पांढऱ्या छतावर भोपाळचे मोठे तळे आपली सोनेरी जाळी विणत होते, उसवत होते, पुन्हा विणत होते. लहानशा खिडकीतून शेवाळाचा ओला वास येत होता. मी कुशीवर वळून बाहेर पाहिले तर आमचे हे काठावर उभे होते, माझ्याकडे पाठ, कानाशी फोन. देवळीहून आमच्या दुकानातला नोकर काहीतरी विचारत असेल, असे वाटून मी पुन्हा छताकडे वळले. किती निश्चिंतपणे वळले! त्या फोनवर माझे बाबा गेल्याची बातमी येत होती, हे मला कळायला एक वर्ष जावे लागले.

बाबा गेल्याचे त्याच दिवशी कळले होते, नाही असे नाही. पण ते संध्याकाळी कळले, आणि फोन दुपारी चारला आला असे सांगून कळले. सकाळ आणि संध्याकाळ यांच्या मधला जो दिवस होता, तो मी राजधानी पाहण्यात घालवला. आता हळूहळू लिहीत बसले आहे ते त्या दिवसाविषयी.

घर घेऊन हिंडण्याची ही कल्पना सासूबाईंमुळे निघाली. भोपाळजवळच्या भोजपूरला महादेवाचे थोरले देऊळ आहे. गुडघ्यांची शस्त्रक्रिया नीट होऊन त्याच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढता आल्या तर दर्शनाला येईन, असे त्या बोलून बसल्या होत्या. गुडघे बरे झाले. पण त्यांना लॉजमधले अंथरूण चालत नाही, परक्याच्या हातचे अन्न तर त्यांनी जन्मात खाल्लेले नाही. तेव्हा यांनी नागपूरहून चालकासकट मोटारहोम भाड्याने आणले. झोपायला चार फळ्या, एक इवलासा ओटा, गॅसची शेगडी आणि दाराशी चपला काढायला पायपुसणे. दोन दिवसांत त्या गाडीला आमच्या घराचे सगळे नियम चिकटले. आंघोळीशिवाय ओट्याला हात लावायचा नाही, पाण्याच्या पिंपात पेला बुडवायचा नाही. घराला चाके लावली म्हणून घर बदलते थोडेच?

मी मात्र निघाले होते ती बाबांसाठी. ते रोहण्याला राहायचे, माझा धाकटा भाऊ विनू याच्याजवळ. शेती करून संपूर्ण आयुष्य काढलेला हा माणूस, पण दुपारच्या वेळी डोळ्यांवर चष्मा चढवून जुने नकाशे उलगडून बसायचा. आपला वर्धा जिल्हा एके काळी मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. मग राज्यांच्या सीमा बदलल्या, आपण इकडे आलो आणि भोपाळ तिकडची राजधानी झाली, हे ते कितीदा तरी सांगत. रेघ थोडी खाली ओढली असती तर आपली कागदपत्रे भोपाळला गेली असती, आपली पोरे तळ्याकाठी शिकली असती, असे म्हणून हसत. हुकलेल्या राजधानीविषयी त्यांना एखाद्या न झालेल्या सोयरिकीसारखी माया होती. आदल्या संध्याकाळी फोनवर ते मला म्हणाले, "नीट पाहून येजो बाई, घाई नोको करू. आल्यावर मले समदं सांगजो."

माझ्या कानावर पडलेले त्यांचे हे शेवटचे बोलणे. आणि मी ते किती इमानाने पाळले!

त्या सकाळी मी आंघोळ करून पोह्यांसाठी कांदा काढला, तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातातून सुरी घेतली. "आज राहू दे. रोज रांधतेच तू," त्या म्हणाल्या. "आज बाहीरचंच खाऊ." मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. ज्या बाईने नर्मदेकाठी चहासुद्धा गाडीत करायला लावला, ती भोपाळच्या टपरीवर पोहे-जिलेबी खायला निघाली होती! तेवीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला दिलेली ती पहिली सुट्टी. माझे मन भरून आले. प्रवासाने माणसे मोकळी होतात, अशा अर्थाचे एक वाक्य मी मनात जुळवलेसुद्धा. मराठी शिकवणाऱ्या बाईला अशी वाक्ये फार लवकर सुचतात. यांनी माझा फोन मागून घेतला, याच्यात फोटो चांगले येतात म्हणाले, आणि तो दिवसभर स्वतःच्याच खिशात ठेवला. त्यातही मला कौतुकच दिसले.

मग आम्ही राजधानी पाहिली. तळ्याच्या मधोमध झाडांनी भरलेले एक बेट आहे, तिथून निघालेल्या बगळ्यांची रांग पाण्याला समांतर उडत गेली. ती मी बाबांसाठी जपून ठेवली. डोंगराच्या अंगाने चढत गेलेली घरे, मशिदींचे गुलाबी मनोरे, सरकारी कचेऱ्यांच्या रुंद, आळसावलेल्या पायऱ्या, सारे मी दोनदा पाहत होते, एकदा डोळ्यांनी आणि एकदा रोहण्याच्या ओसरीवर बसून सांगताना कसे सांगेन त्या शब्दांनी. होडीत बसलो तेव्हा वाऱ्याने पाण्याचे तुषार तोंडावर उडवले आणि मी हसले. यांनी फोटो काढला. होडीआधी पाहिलेल्या टेकडीवरच्या संग्रहालयात देशभरातल्या आदिवासींची घरे उघड्यावर उभी केली आहेत. सारवलेल्या भिंती, कोरलेली दारे, धान्याच्या कणग्या, आणि आत कुणीही नाही. एका घरातली चूल तर इतकी नीट लिंपलेली होती की, घरची बाई पाणी आणायला गेली असावी असे वाटावे. मी तिथे बराच वेळ रेंगाळले. घर कशाने होते, भिंतींनी की वाट पाहणाऱ्या माणसाने, असे काहीतरी मी स्वतःशी घोळवत होते. माझी वाट पाहणारा माणूस त्या वेळी अंगणात खाली उतरवून ठेवला होता, आणि मी दुसऱ्यांच्या चुलींवर चिंतन करत होते.

चौकातल्या बाजारात मण्यांच्या कामाच्या पिशव्या लटकत होत्या. त्यांत एक चष्म्याचे घर दिसले, निळ्या मण्यांचे, तळ्याच्या रंगाचे. बाबांसाठी घेते म्हटले तर हे एकदम म्हणाले, राहू दे, मग पाहू. मी हट्टाने घेतले. सासूबाई दुकानाच्या पायरीवर तोंड फिरवून उभ्या राहिल्या. ते चष्म्याचे घर अजून कपाटात आहे. कागदातून मी ते काढलेले नाही.

दुपार कलल्यावर भोजपूरला पोहोचलो. पायऱ्यांशी आल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, तुझा चेहरा उन्हाने उतरला आहे, तू गाडीजवळच थांब. माझा चेहरा उतरलेला नव्हता. पण त्या म्हणाल्या म्हणून मी थांबले. एकेक पायरी चढणाऱ्या त्या वृद्ध पावलांकडे पाहून मला समाधानच वाटले. दर्शन घेऊन ती दोघे खाली आली. यांनी आईला गाडीत बसवले, मला चार पावले बाजूला नेले आणि बाबा गेल्याचे सांगितले. फोन चार वाजता आला, तोवर तिकडे सगळे उरकले होते, ऊन फार, थांबता आले नसेल त्यांना, असेही सांगितले. गाडी परतीला लागली. सगळ्या रस्त्याने मी बाबांसाठी रडले, आणि त्यात विनूवरचा राग मिसळत गेला. एकुलत्या बहिणीला तोंडही पाहू न देता याने अग्नी दिला? एवढी कसली घाई होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहण्याला पोहोचले तर विनू माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. मी मानले, अपराधाने याची मान खाली आहे. त्याने काय मानले, ते मी त्याला विचारले नाही. दुःखाला दोन कान असते तर किती बरे झाले असते. पण ते फक्त स्वतःचाच आवाज ऐकत बसते. वर्षभर आम्ही दोघे कामापुरते बोललो. राखीला गेले तर त्याने मनगट पुढे केले आणि खिडकीबाहेर पाहत राहिला.

फोनमधले ते फोटो मी पुसले नाहीत, पाहिलेही नाहीत, एक सोडून. होडीतला. त्याच्या खाली वेळ होती, अकरा वाजून पन्नास मिनिटे. अग्नी बाराच्या सुमारास दिला असे विनूच्या बायकोकडून कळले होते. बापाची तिरडी उचलली जात होती तेव्हा मी तोंड उघडे टाकून हसत होते. माझ्या अंगावर हिरवी साडी होती आणि वाऱ्याने पदर उडत होता. तो फोटो मी रोज पाहायची. स्वतःला अशी शिक्षा देण्यात एक नीच समाधान असते, ते ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

आणि मग यंदा चैत्रात वर्षश्राद्ध आले. रोहण्याचे स्वयंपाकघर वड्यांच्या वासाने भरले होते. बाहेर ओसरीवर पंगत बसायची होती, मानाच्या पाटावर अर्थात आमचे हे, घरचे जावई. विनू कढीचा गंज न्यायला आत आला. आम्ही दोघेच होतो. गंजाच्या काठावर हात ठेवून तो थांबला.

"ताई, एक इचारू? तू तवाच निंगाली असती तं मी दिवस बुडेपर्यंत थांबलो असतो. समदे थांबाले तयार होते. पण भाऊजी म्हनले, आमचं दर्शन व्हायचं हाय, तुमी थांबू नोका."

मी विचारले, फोन किती वाजता केला होता?

"साडेसहाले. सकाळी."

त्याने तो यांना केला होता, मला नाही. आमच्याकडची रीतच ती. लेकीला बापाची बातमी कुणी थेट सांगत नाही, जावयाला सांगतात, आणि तो तिला जवळ बसवून, पाणी पाजून, हलकेच सांगतो. मनाला धक्का बसू नये म्हणून आपल्या माणसांनी किती प्रेमाने घडवलेली रीत! त्या प्रेमाच्या भरवशावर माझा भाऊ निर्धास्त राहिला आणि माझी वाट पाहणे सोडून बसला.

मला फक्त त्या सकाळचा कांदा आठवला. माझ्या हातातून काढून घेतलेली सुरी आठवली. बातमी ऐकल्यापासून लग्न झालेल्या लेकीला बापाचे सुतक तीन दिवस. सांगितले असते तर गाडी वळवावी लागली असती, दर्शन राहिले असते. नाही सांगितले, पण माझ्या हातचे खाल्लेही नाही, मला देवळाची पायरीही चढू दिली नाही. म्हणजे दिवसभर त्या घराने माझे सुतक पाळले होते, अगदी काटेकोरपणे. त्या सुतकातून वगळले होते ते फक्त मला. जी सुट्टी मी आयुष्यभराची माया समजून मनात जपली, तो विटाळ होता.

मी पदराखालून फोन काढला आणि होडीतला फोटो विनूच्या हातात दिला. त्याने वेळ पाहिली, माझे हसू पाहिले, पुन्हा वेळ पाहिली. वर्षभर जे हसू माझा गुन्हा होते, ते आता एकटे माझ्या बाजूने साक्ष देत होते. बापाची तिरडी निघाली हे ठाऊक असलेली कुठली लेक अशी हसेल?

"तुले माईतच नव्हतं," तो म्हणाला. उपरण्याने त्याने डोळे टिपले, मग फोनची काचही पुसली. नंतर त्याचे लक्ष ओसरीकडे गेले. हे पाटावर बसले होते, पानात वडे वाढून झाले होते. "इचारू काय त्यायले? आत्ताच इचारतो."

"जेवणं होऊ दे आधी," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते इतक्या सहज आले की मी स्वतःच चपापले. पंगत बसली होती, बाबांचे पान मांडले होते, लोक काय म्हणतील, चार घास सुखाने पोटात जाऊ देत, मग पाहू. तळ्याकाठी पाठमोरे उभे राहून यांनीही याहून वेगळा काय विचार केला असेल? त्या क्षणापर्यंत मला वाटत होते की तसे वागायला माणूस आतून दगड असावा लागतो. तसे काही नसते. समोर कुणाचे तरी पान वाढलेले असले की पुरते. एवढ्याने मी त्यांना क्षमा केलेली नाही, कधी करीन असेही वाटत नाही. पण त्यांच्यापासून वेगळे उभे राहण्यासाठी माझ्याजवळ जी एक उंच जागा होती, ती त्या चार शब्दांत मी सोडून दिली.

विनूने माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि गंज उचलला. ओसरीतून त्याचा आवाज आला, "घ्या भाऊजी, कढी घ्या, लाजू नोका." त्या आवाजात काहीही कळत नव्हते. तो तसा काढायला मीच त्याला शिकवले होते.