आप्पा, बारा लोंगर आणि यांची डोंगरगाडी

हे गेले त्याला आता सव्वा महिना होईल. दुपारचं जेवले, ताक प्यायले, ‘जरा पडतो’ म्हणाले आणि पडले ते पडलेच... मी मागच्या दारी केळफूल सोलत होते. सुनेनं हाक मारली, त्या आवाजावरूनच समजले. ज्या माणसानं जन्मात एक गोष्ट गाजावाजा केल्याशिवाय केली नाही, त्यानं इतकं गुपचूप जावं? मला अजून राग आहे त्यांचा. भेटायला येणारे ‘किती शांत माणूस’ म्हणतात. मी मान डोलावते आणि मनात म्हणते, या लोकांनी डोंगरगाडी पाहिलेली दिसत नाही.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. यांची केळीची वाडी आमच्या वाडीला लागून, मधे फक्त कुंपण. कुंपणाशी बोलून बोलून आमचं लग्नाचं ठरलं होतं. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ठरत नव्हतं. मुलाच्या डोक्यात केळी सोडून सगळं आहे, असं त्यांचं म्हणणं. तेही काही खोटं नव्हतं. यांनी मुंबईच्या एका रद्दीवाल्याकडून इंग्रजी मासिक आणलेलं, त्यात उंच रुळांवरून वरखाली धावणाऱ्या गाडीचं चित्र. तेव्हापासून भेटेल त्याला धरून ऐकवायचे, की रशियात आधी लोक बर्फाच्या टेकड्या रचून त्यांवरून घसरायचे, मग अमेरिकेत खाणीचा कोळसा डोंगरावरून उतरवणाऱ्या गाड्यांत माणसं हौसेनं बसायला लागली, आणि तिथून हा खेळ मोठमोठ्या बागांत आला. मग वसईत का नको? जूचंद्रकडे दगडाची एक खाण बंद पडली होती, तिचे रूळ आणि ढकलगाडी गंजत पडलेली. हे ती मागून घेऊन आले. जत्रेच्या मैदानात सुरूचे खांब पुरून दोन चढ उभे केले, पहिला मोठा, दुसरा लहान. गाडी पहिल्या चढावर ओढायला मोटेचे बैल.

आप्पांनी ते सगळं बघितलं आणि अट घातली. “पहिला मी बसेन. पलीकडच्या टोकाला पोचली तर मुलगी दिली. नाही पोचली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

मी तीन दिवस देवाला नवस बोलत होते. हे मात्र खुशीत, कारण गाडी आधी चालवून बघितलेली. कशी? तर केळीचे बारा लोंगर, म्हणजे अख्खे घड, वाळल्या पानांत गुंडाळून गाडीत रचले आणि दिली सोडून. गाडी थेट टोकाला गेली, एक केळं डागाळलं नाही. आणखी काय बघायचं, म्हणाले.

जत्रेला सगळा गाव लोटला. आप्पा म्हणजे नुसती काठी. टोपी दाबून एकटेच बसले. दोर सुटला, गाडी भर्रकन खाली आली, दुसरा चढ निम्मा चढली... आणि मागे फिरली. मग इकडे, मग तिकडे, पाळण्यासारखी झुलत झुलत मधल्या खळग्यात उभी राहिली. लोक पोट धरून हसत होते. आप्पा ताठ बसून. यांच्याकडे बघवत नव्हतं आणि माझं तर सगळंच संपलं होतं.

आप्पांनी यांना जवळ बोलावून विचारलं, काय घालून चालवली होतीस? बारा लोंगर, हे ऐकून त्यांनी बोटांवर हिशेब केला. लोंगराचं वजन नजरेनं सांगणारा माणूस तो.

“अरे गाढवा, बारा लोंगर म्हणजे माझ्यासारखे तीन झाले. माझ्या एकट्याच्या वजनानं गाडीला जोर कुठून यायचा?”

वजनच चुकीचं असताना निकाल देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गाडी पुन्हा वर ओढायला लावली. आणखी दोघं हवे होते, पण बोलवावं तो मागे सरकत होता. आप्पा तापले. मला म्हणाले, चढ. यांना म्हणाले, तूही चढ, तुझेच उद्योग आहेत. ते पुढच्या फळीवर, आम्ही दोघं मागच्या. मी डोळे मिटून कोकलत होते. दुसरा चढ ओलांडला तो मला कळलाही नाही. डोळे उघडले तेव्हा आम्ही टोकाला होतो.

खाली उतरल्यावर आप्पांच्या लक्षात आलं, की आपण लग्नाची मुलगी आणि शेजारचा मुलगा भर जत्रेत एका फळीवर बसवले. माझ्या आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं, साखरपुडा कधी झाला म्हणे?

आप्पांनी टोपी झटकली. “आत्ताच.”

गाडी सुटली तेव्हा यांनी माझ्यापुढे हात आडवा धरला होता. आप्पा पुढे, त्यांना काय दिसणार. नंतर बैलगाडी असो, एसटी असो, रिक्षा असो, उतार आला की तो हात यायचाच, आमचं भांडण चालू असलं तरी. मी वैतागायचे, मी काय पडतेय का, म्हणून ढकलून द्यायचे. परवा सुनेबरोबर रिक्षानं दवाखान्यात निघाले होते. उड्डाणपुलाचा उतार लागला आणि मी थांबले, हात येईल म्हणून... मग रिक्षावाल्याला म्हटलं, हळू घे रे बाबा, मी पडेन.