येते हो!

आमच्या दाराची बेल वाजली, की पाठोपाठ काकूंचा आवाज घरात शिरायचा, "आले हो!" दार उघडायला कुणी उठलंय का, याची त्या वाट पाहत नसत. म्हणायच्या, "बेल वाजवून मुकाट उभी राहायला मी काय मीटर बघायला आलेय?"

आणि निघताना "येते हो!" आपल्यात "जाते" कुणी म्हणत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण काकू त्या बाबतीत फार कडक. माझी मुलगी जपानी शाळेत वाढलेली. एकदा ती त्यांच्या दारातून "काकू, मी जाते" म्हणाली. काकूंनी तिला जिन्यावरून परत बोलावलं, पाणी प्यायला दिलं आणि "येते" म्हणायला लावूनच सोडलं.

ओसाकात त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. काका कंपनीत, आणि काकू डबे भरण्याच्या कारखान्यात बाइतो करायच्या, म्हणजे अर्धवेळ नोकरी. जपानी फाडफाड बोलायच्या, वाचता मात्र अक्षर येत नव्हतं. इथल्या देवळात जाड दोर हलवून घंटा वाजवतात. काकू तो असा हलवत, की आतला पुजारी डोकावून बघायचा. मग हात जोडून देवालाही तेच सांगायचं, "आले हो!"

मी त्यांच्या अगदी उलट. मला भूकंपाची भीती, वादळाची भीती, कचरा चुकीच्या दिवशी ठेवला तर शेजारीण काय म्हणेल याची भीती. काकू मला भित्री भागूबाई म्हणायच्या, चारचौघांतसुद्धा.

काका निवृत्त झाले आणि दोघांचं पुण्याला कायमचं परतायचं ठरलं. तेव्हा काकूंनी हट्ट धरला, जुनं जपान एकदा बघायचं. काकांचे गुडघे दुखत होते, म्हणून आम्ही दोघीच निघालो. किसोच्या डोंगरात लाकडी घरांचं एक गाव आहे. पूर्वीचे वाटसरू तिथे मुक्काम करायचे, आता आपल्यासारखे करतात. बस वळणावळणांनी चढत होती आणि मी मळमळतंय म्हणून डोळे मिटून बसले होते. काकू मात्र खिडकीला नाक लावून. "अगं, गावाच्या टोकाला केवढी घंटा टांगलीय! वर देऊळ असणार."

तिथल्याच एका घरात आम्ही उतरलो. रात्री जेवणानंतर घरमालकीणबाईंनी तेंदूसारखी केशरी फळं कापून दिली. जपानीत त्यांना काकी म्हणतात. काकू खूश. "मी काकू, ही काकी. जावाच आम्ही!" बाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्याही हसल्या आणि त्यांनी आणखी चार फळं काकूंसमोर ठेवली.

सकाळी मला गावच्या भोंग्याने जाग आली. झोपेत नीट कळेना, मग एक शब्द कानावर आला, "कुमा." कुमा म्हणजे अस्वल. गावाच्या वरच्या पायवाटेवर दिसलंय, बाहेर पडू नका. मी शेजारच्या गादीकडे पाहिलं. पांघरुणाची नीट घडी घातलेली, काकू नाहीत. ताटलीतली फळंही नाहीत.

मी जिना कशी उतरले ते आठवत नाही. घरमालकीणबाई स्वयंपाकघरात पोलिसांना फोन करत होत्या. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "काकू घंटेकडे गेल्या असणार." त्यांचा चेहरा पांढरा पडला. ती घंटा देवाची नव्हती. वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर तशा घंटा टांगल्या आहेत. माणूस येतोय हे अस्वलाला कळावं, म्हणून जाणाऱ्याने त्या वाजवायच्या. शेजारी अस्वलाचं चित्र असलेली पाटीही आहे. पण या देशात पोलीसचौकीपासून बँकेपर्यंत सगळ्यांचं एकेक गोंडस कार्टून असतं. काकूंना ते तसलंच काहीतरी वाटलं असणार.

"त्यांच्याजवळ काही खायचं होतं का?" बाईंनी विचारलं.

"काकी."

"अस्वलं त्यासाठीच खाली उतरतात," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पातेलं आणि डाव उचलला. पोलिसांची वाट पाहायला आम्ही थांबलो नाही.

धुकं इतकं होतं, की पुढे पातेलं बडवत चाललेल्या बाई मधेच दिसेनाशा होत. दोन्ही बाजूंना देवदारांसारखी काळी उंच झाडं. पहिल्या घंटेखाली दगडावर एक काकी ठेवलेलं होतं, शेजारी दोन रानफुलं. नैवेद्य! मी घंटा वाजवली, "काकू!" म्हणून ओरडले आणि कान देऊन उभी राहिले. काही नाही.

दुसऱ्या घंटेखालचं फळ अर्धं खाल्लेलं होतं. साल ओरबाडलेली, गर मातीत पसरलेला. फुलं चिरडलेली. बाईंनी ते पाहिलं आणि पातेलं बडवायचं क्षणभर विसरल्या. त्या शांततेची मला जेवढी भीती वाटली, तेवढी आयुष्यात कशाचीही वाटली नाही. मला पळून जायचं होतं. काकांना फोनवर काय सांगायचं, हेही मनात येऊन गेलं. मी दोन्ही हातांनी ती घंटा वाजवली, वाजवतच राहिले, मग थांबले.

वरून घंटेचा आवाज आला. आणि धुक्यातून, "कोण आहे? आले हो!"

काकू तिसऱ्या घंटेपाशी होत्या. आंघोळ केलेली, कपाळाला टिकली, ओच्यात उरलेली फळं. माझ्यावरच वैतागल्या. "अगं, घंटेमागून घंटा आहे, पण देव कुठे दिसेना. म्हटलं पुढे असेल."

"खालचं फळ तुम्ही खाल्लंत?"

"नैवेद्य आपण कसा खाऊ? अख्खं ठेवलं होतं मी."

मग मी सांगितलं. काकूंनी माझा हात धरला. इतका घट्ट, की माझी बोटं दुखायला लागली. काकूंना घाबरलेलं मी प्रथमच पाहत होते, आणि त्याने माझा उरलासुरला धीर गेला. फळं तिथेच टाकून आम्ही उतरू लागलो. प्रत्येक घंटेला काकू जीव खाऊन हात घालत. पहिल्यांदा सवयीने "येते हो!" म्हणाल्या आणि जीभ चावली. "नाही रे बाबा! जाते हो! जाते! परत येत नाही!"

गावात पोचल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि हसता हसता रडल्या. मीही. नंतर त्यांनी दुकानातून बॅगेला लावायच्या छोट्या पितळी घंट्या घेतल्या, एक त्यांना, एक मला. "तुला जास्त गरज आहे, भागूबाई."

विमानतळावर त्या "येते हो" म्हणूनच गेल्या. खरंच यायच्या, फोनवर, दर रविवारी.

मग त्या आजारी पडल्या. शेवटच्या फोनवर आवाज अगदी बारीक झाला होता. मुलीची चौकशी केली, कचऱ्याच्या शेजारणीचीही केली. मग म्हणाल्या, "बरं, जाते गं."

मी घाईघाईने म्हटलं, "काकू, येते म्हणा."

मग म्हणाल्या, "अस्वलाशीसुद्धा खोटं बोलले नव्हते गं मी."

फोन ठेवला. खुंटीवर बॅग होती, तिची घंटी मी वाजवली, जोरात वाजवली, आणि कान देऊन उभी राहिले.