पतपेढीकडून आलेलं स्थळ

कुणाला जामीन राहायचं नाही, एवढी एकच आज्ञा आमच्या घरात होती. वडील एका मित्राला जामीन राहिले होते, आणि त्या मित्राने फेडायचं कर्ज निवृत्त होईपर्यंत स्वतः फेडत बसले. ते गेल्यावर आईने मला बजावलं, "एक वेळ दारू पी, पण दुसऱ्याच्या कर्जावर सही करू नकोस." मी दारू प्यायलो नाही. सही केली.

मी खडकीला कारखान्यात नोकरी करायचो. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला पतपेढीचं कर्ज काढून पिठाची गिरणी टाकायची होती. त्याने मला कँटीनमध्ये भजी खाऊ घातली आणि मी जामीनदार म्हणून सही ठोकून मोकळा झालो. एका प्लेटीत! वर्षभरात गिरणी बसली, मित्राने जबलपूरला बदली मागून घेतली, आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी फोन यायला लागले. मोबाइल तेव्हा नव्हते. फोन बाहेरच्या खोलीत, आणि फोनशेजारी आई.

आता आईची बाजू ऐका. माझी तिशी उलटलेली, म्हणून तिने नुकतंच माझं नाव वधूवर सूचक मंडळात नोंदवलं होतं. तिथून काळं कुत्रं विचारत नव्हतं. अशात एक अदबशीर आवाज विचारतो, "चिरंजीव नोकरीत कायम आहेत ना? घर स्वतःचं की भाड्याचं?" पतपेढीचा हा वसुली अधिकारी जुन्या वळणाचा. जामीनदाराची अब्रू घरच्यांसमोर काढायची नाही, हे त्याचं तत्त्व. त्यामुळे पतपेढीचं नाव तो घेईना. "विषय जरा खासगी आहे, त्यांच्याशीच बोलेन," एवढंच म्हणे. आईने ताडलं, मुलीचे वडील!

मग काय, बाई सुटल्याच. नोकरी कायम, घर आमचंच, कुणाचं देणं नाही. पगारही तिने स्वतःच्या अधिकारात वाढवून सांगितला. तो नेमका मी कामावर असताना फोन करी, आणि ती त्याला दर वेळी माझा एक नवा गुण सांगे. "किती आस्था हो त्या माणसाला तुझ्याबद्दल!" ती रात्री जेवताना म्हणायची. खोटं कशाला सांगू, मीही फुशारलो होतो. रोज इस्त्रीचा शर्ट घालायला लागलो.

शेवटी आईने त्याला रविवारी सकाळी घरीच बोलावलं. सफारी घातलेला, टक्कल पडलेला सज्जन गृहस्थ आला. आईने पोह्यांची बशी पुढे केली आणि ती चहा टाकायला आत गेली. तसा तो वाकून हळूच म्हणाला, "मी पतपेढीतून आलोय. तुमच्या मित्राचे हप्ते थकलेत." शेंगदाणा माझ्या घशातच अडकला. ठसका लागल्या लागल्या मी हात जोडले, आईला कळू देऊ नका म्हणून. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि लाजत विचारती झाली, "मग? कसा वाटला मुलगा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. "कळवतो," तो म्हणाला आणि उरलेले पोहे संपवले.

सोडायला जिन्यापर्यंत गेलो तेव्हा मी त्याला म्हटलं, "अहो, निदान नकार तरी कळवून टाका."

"थकबाकी भरा, कळवतो."

"आणि नाही भरली तर?"

"तर बोलणी चालू राहतील."

माणूस पक्का पुणेरी.

आणि त्याच आठवड्यात खरं स्थळ आलं! शेजारच्याच नारायण पेठेतलं. मुलगी तिथल्या वाचनालयात कामाला. मी तिला चांगलाच ओळखत होतो. पुस्तक उशिरा दिलं म्हणून तिने मला एकदा चारचौघांत झापलं होतं, आणि तेव्हापासून मी पुस्तकं मुद्दाम उशिरा देत होतो. मला दुसरी कुणीही नको होती. पण आई ठाम. "एका ठिकाणी बोलणी चालू असताना दुसरीकडे बघणं आपल्यात बसत नाही."

"मला ते सफारीवाले लोक पसंत नाहीत."

"तू मुलगी कुठे पाहिलीस अजून?"

नारायण पेठेतले लोक किती दिवस थांबणार होते? मी स्कूटर विकली आणि थकबाकीच काय, सगळं कर्जच भरून टाकलं. तो शब्दाला जागला. त्याच संध्याकाळी फोन आला. मी दाराशी जीव मुठीत धरून उभा.

"जमत नाही?" आई कडाडली. "पोहे खाताना बरं जमत होतं! ते काही नाही, मुलात खोट काय आहे ते सांगा." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "वडिलांवर गेलाय," आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, मुलगा गुणी आहे, पण कुणावरही विश्वास टाकतो. मी म्हटलं, वडिलांवर..." आणि ती बोलता बोलता थांबली. तिने मला नखशिखांत न्याहाळलं. खिडकीतून खाली, स्कूटर लावायची ती रिकामी जागा पाहिली. मग अगदी शांतपणे विचारलं, "कुणाला जामीन राहिलास?"

माझी तंतरली. सगळं भडाभडा सांगून टाकलं, आकड्यासकट.

"हात्तिच्या," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "हे तर याच्या तिप्पट रकमेला राहिले होते. आणि तरी मी त्यांच्याबरोबर सुखात होते, मेल्या!" मग तिने फोन माझ्यापुढे सरकवला. "लाव नारायण पेठेत. आणि आधी हे सांग. पुढच्या मुलीला तरी अंधारात ठेवू नकोस."

तिकडे फोन त्या वाचनालयातल्या मुलीनेच उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं: गिरणी, भजी, सही, विकलेली स्कूटर.

"मग चालत या," ती म्हणाली. "नाहीतरी सदाशिव पेठेतून नारायण पेठेत स्कूटरवर येणारा माणूस मला उधळ्याच वाटला असता."