थर्मामीटर काशीराम

आमच्या ह्यांना अख्खी वाडी 'थर्मामीटर काशीराम' म्हणते. म्हणू देत. तीस वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका सरांनी ह्यांच्या हातात थर्मामीटर दिला. रोज सकाळी धक्क्यावर समुद्राचं पाणी बादलीत काढायचं आणि तापमान वहीत लिहायचं. सर वारलेसुद्धा, ह्यांची वही काही थांबली नाही. आमच्या पोराच्या, मितेशच्या, बारशादिवशीही हा माणूस आधी धक्क्यावर गेला! मी चार दिवस बोलले नव्हते.

चार वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. म्हटलं, सुटले एकदाची. कसली सुटतेय! विकायची मासळी घ्यायला मी धक्क्यावर जातेच, मग पाणी मी काढायचं, घरी येऊन आकडा सांगायचा आणि ह्यांनी डाव्या हाताने वाकडातिकडा लिहायचा.

त्या आकड्यांनी ह्यांना खूळ लावलं. पाणी पूर्वीपेक्षा दीड-दोन अंश गार भरायला लागलं. मासळी आटलेली, होडी वर ओढून ठेवलेली, पण हे मुंबईला मितेशला फोन करून सांगायचे, "समुद्र निवतोय रे. खालचं गार पाणी वर येतंय, मागोमाग तारली मासळी येणार बघ." पोरगा कंपनीत बारा तास राबून वैतागलेला. त्याने खरं मानलं. गणपतीनंतर नोकरी सोडून होडीवर येतो म्हणाला. मीही खुळी, त्याच्या खोलीला रंग लावून घेतला.

मग विद्यापीठाच्या नम्रता मॅडम आल्या. त्या संगणकावर गेल्या शंभर वर्षांतला समुद्र पुन्हा चालवून बघतात. प्रवाह कुठून कुठे वाहिले, पाणी कधी तापलं, कधी निवलं. त्याला मॉडेल म्हणतात. ते खरं बोलतं का, हे ह्यांच्यासारख्यांच्या वह्यांवरून ताडून बघायचं.

"काका, तुमची सव्वीस वर्षं मॉडेलशी छान जुळतात," त्या म्हणाल्या. "शेवटची चार मात्र नाही. मॉडेल म्हणतं पाणी तापलं, तुमची वही म्हणते निवलं."

"मग तुमचं मॉडेल चुकलं!" तोंड वाकडं झालेलं असूनही हे हसले.

"असेलही." मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "काकी, पाणी काढल्यावर लगेच बघता ना?"

आता लगेच कुठून बघू? तेव्हा लिलाव चालू असतो. बादली बर्फाच्या पेटीला टेकून ठेवायची, मासळी घ्यायची, पेटी भरायची, मग सावकाश बघायचं. मी तसंच सांगितलं. खोटं कशाला बोलू?

मॅडमनी पेन खाली ठेवलं. हे माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार वर्षं मी बर्फाचा गारवा मोजत होते! देवा, एवढी कशी गो मी मूर्ख?

"म्हणजे समुद्र निवलाच नाही?" ह्यांनी विचारलं.

"नाही काका. तुमच्या आधीच्या वह्याही तेच सांगतात. तापतच चाललाय."

"परत निवेल?"

मॅडमनी समोरची वही मिटली. खोटा धीरही दिला नाही बाईने. मला तिचा रागच आला.

ती गेल्यावर ह्यांनी डाव्या हाताने वही दूर सारली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुपारी मितेशचाच फोन आला. मी तो ह्यांच्या कानाला धरला.

"बाबा, उद्या राजीनामा देतोय."

"देऊ नको. तिकडेच राहा."

"का? काय झालं?"

"ते तुझ्या आईला विचार," हे म्हणाले आणि तोंड फिरवलं.