निशाण्यामागची चादर

घुग्घुसात पांढरं कोणी घेत नाही. नवरदेवसुद्धा बदामी ड्रेस शिवतो. कोळशाची धूळ, सिमेंटची धूळ, आणि वरून ट्रकवाल्यांची मेहेरबानी! म्हणून आमचे कपडे घरातच वाळतात. स्वयंपाकघरात आडवी दोरी बांधलेली, आणि जेवताना डोक्यावर बाबांचा पायजमा लोंबतोय. मला या गावाचा तेव्हा इतका संताप यायचा की विचारू नका.

त्यात आमचं शेत खाणीत गेलेलं. बदल्यात घरातल्या एकाला खाणीत नोकरी. बाबांचं वय बसत नव्हतं, मला भाऊ नाही. उरलो मी. चंद्रपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो तरी बसस्टँडवर जो तो विचारायचा, "का बे, कधी लागून राह्यला खाणीत?" जणू मी जन्मलोच त्यासाठी. मला यंत्रमानव बनवायचे होते. पण हे सांगणार कोणाला? लोक हसले असते. श्वास कोंडायचा माझा, खरंच.

तेवढ्यात नागपूरच्या एका कॉलेजची स्पर्धा कळली. रोबोटनं रिमोटशिवाय, कोणाचा हात न लागता, पांढऱ्या फळीवरचा काळा गोल स्वतः शोधायचा आणि त्यावर टेबल टेनिसचा चेंडू मारायचा. जी जोडी पहिली येईल तिला पुण्याचा एक यंत्र कारखाना कामावर घेणार होता. मी बाबांसमोर उभा राहिलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

बाबा म्हणाले, "जिंकला तं जाय पुण्याले, मी आडवा येत नाई. नाई जिंकला तं मुकाट्यानं खाणीच्या मेडिकलले चाल. हातचं सोडून पळत्याच्या मागं किती दिवस धावशील?"

माझा जोडीदार वर्गातलाच, ट्रकची वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीचा मुलगा. त्याच्या अब्बांच्या गॅरेजात आम्ही ठाण मांडलं. भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटर काढली, तिच्यावर रोबोट जागच्या जागी गोल फिरायचा. पुढे उजेड मोजणारा सेन्सर, त्याला आम्ही डोळा म्हणायचो. डोळ्याच्या मागे बारीकसा स्क्रू. तो फिरवून ठरवायचं की समोरून किती उजेड परत आला म्हणजे पांढरं, आणि त्याहून कमी आला म्हणजे काळं. काळं दिसलं की रोबोटनं थांबायचं आणि चेंडू फेकायचा.

निशाण्यासाठी आईनं लग्नातली ठेवणीतली चादर काढून दिली. गावात एवढं पांढरं दुसरं काही नव्हतंच. "सांभाळून वापर, बापू," म्हणाली. मी चादरीवर डांबराचा गोल काढला तेव्हा तिनं तोंड फिरवलं. चादर आम्ही गॅरेजच्या भिंतीला ठोकली.

पहिल्यांदा चेंडू गोलावर बसला तेव्हा आम्ही दोघं येड्यासारखे नाचलो. मला पुणं दिसायला लागलं होतं!

पण चार-आठ दिवस गेले की रोबोट बिघडायचा. कोऱ्या चादरीवरच थांबायचा आणि तिथंच चेंडू मारायचा. "बॅटरी बसून राह्यली बे," जोडीदार म्हणायचा. मग आम्ही स्क्रू थोडा डावीकडे फिरवायचो, म्हणजे कमी उजेडालाही तो पांढरं म्हणायचा, आणि गाडी पुन्हा रुळावर. परत बिघडला, परत डावीकडे. शेवटी शेवटी तर काही विचारच करायचो नाही, हात आपोआप डावीकडे जायचा.

नागपूरला चादरीची गुंडाळी पिशवीत घेऊन गेलो, वाटलं, वेळ मिळाला तर तिथंही सराव करू. कसला वेळ! बस उशिरा पोचली आणि लगेच आमचा नंबर पुकारला. हॉलमध्ये वर झगझगीत दिवे, समोर फळी. बटण दाबलं. रोबोट फिरला, काळ्या गोलासमोरून गेला आणि पुढेच गेला. परत आला, परत गेला. थांबेचना! पोरं हसायला लागली.

"बॅटरी!" जोडीदार ओरडला. आणखी एकच संधी होती. मी सवयीनं स्क्रू डावीकडेच पिळला.

तरी तेच. गरगर, गरगर, आपल्याच भोवती. "अबे थांब ना रे, थांब!" मी भर हॉलमध्ये त्या लोखंडाशी भांडत होतो. डोळ्यात पाणी आलं होतं, लपवणार कुठं? वेळ संपला तरी तो फिरतच होता.

परीक्षक बाई चांगल्या होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, "घरी चालत होता ना? सराव कशावर केलात?"

"पांढऱ्या चादरीवर," मी तावातावानं म्हणालो आणि पिशवीतून चादर काढून त्यांच्या फळीला लावली.

फळी पांढरी होती. आमची चादर चुलीतल्या राखेसारखी.

"अबे," जोडीदार हळूच म्हणाला, "हे का होय?"

बॅटरी कधी बसलीच नव्हती. चादर रोज काळवंडत होती. रोबोट बिचारा ओरडून ते सांगत होता, आणि आम्ही स्क्रू पिळून पिळून त्याला आमच्या गावचं पांढरं शिकवत होतो. त्या दिव्यांखाली त्याला काळा गोलही पांढराच दिसला. तो मुळीच चुकला नाही. रोज चादरीसमोर उभे राहून आम्हालाच दिसलं नाही, कारण आम्ही तिथलेच. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला भीती वाटली, ती आजवर गेलेली नाही.

घरी आलो. बाबांनी विचारलं, "लागला का निशाणा?" मी म्हटलं, "नाई."

मेडिकलला गेलो. डॉक्टरनं भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला लावली. मी खालची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली. "नजर एकदम उत्तम," तो म्हणाला. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. इतके खूष मी त्यांना कधी पाहिले नव्हते, त्यांच्यावर रागावणार तरी कसा?

आत गेलो तर स्वयंपाकघरातल्या दोरीवर ती चादर. आईनं डांबर रॉकेलनं घासून काढलं होतं, मग चादर सोड्यात उकळून धुतली होती. हात लाल झाले होते तिचे. मी पाहिलं. गोलाचा डाग पुसट झाला होता, आणि बाकी चादर होती तशीच, राखेच्या रंगाची.

"पाह्य," आई कौतुकानं म्हणाली, "झाली ना पहिल्यासारखी पांढरी?"

"हाव माय," मी म्हटलं, "झाली." आणि चादरीखाली जेवायला बसलो.