मावशी ‘जनावर’ म्हणाल्या तेव्हा

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला धीराची बाई समजायला नको. मी पालीला भिते, लिफ्टला भिते, भलत्या वेळी वाजणाऱ्या फोनला भिते. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि वर्गातली मुलंच मला भ्यायची, त्यामुळे माझं भित्रेपण कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच.

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर पक्ष्यांचं वेड लागलं. दुर्बीण आली, वही आली, खिसेच खिसे असलेलं एक मातकट जाकीट आलं. मग एक दिवस म्हणाले, जालन्याला जाऊ. हे मूळचे तिकडचेच, मंठ्याकडचे. सोळाव्या वर्षी पुण्याला शिकायला आले आणि पुण्याचेच झाले. लहानपणी माळावर पाहिलेले पक्षी आता नावानिशी बघायचेत म्हणाले. अंबडच्या अलीकडे, रस्ता सोडून बरंच आत, निजामाच्या काळातला डाकबंगला आहे. तो दुरुस्त करून कुणी तरी तिथे हॉटेल केलंय. हातभर जाड भिंती, छताला लाकडी तुळया आणि न्हाणीत मात्र चकाचक शॉवर. मला आवडलं. खोलीतल्या टेबलावर ठेवलेला कागद वाचेपर्यंत आवडलं.

कागदावर लिहिलं होतं, बिबट्या समोर आल्यास काय करावे. पळू नये. खाली वाकू नये. हात वर करून मोठे दिसावे. जोरात आवाज करावा. सोबतच्यांना जवळ घेऊन मागे सरकावे. मी तो पाच वेळा वाचला. मॅनेजर हसत म्हणाला, अहो मॅडम, बिबट्या कुणी पाहिलेला नाही, पावसाळ्यात ओढ्याकाठी पंजाचे ठसे दिसले होते, म्हणून छापून ठेवलंय. आता ज्याला ठसे आहेत त्याला पंजे असणार आणि पंजे आहेत त्याला दात असणार, एवढं मलाही कळतं. मी ह्यांना म्हटलं, पक्षी गच्चीवरून बघा. ते हसले आणि दुर्बिणीची काच पुसत बसले.

फिरायला नेणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असतील. जन्मभर खुरपणीला, कापसाच्या वेचणीला गेलेल्या, त्यामुळे कुठल्या बांधावर कुणाचं घरटं हे त्यांना पाठ. हॉटेलवाल्यांनी त्यांच्या गळ्यात दुर्बीण घातली, पण ती बहुतेक वेळ पदराखालीच असायची. त्यांना नुसत्या डोळ्यांनी आमच्या आधी दिसायचं. पहिल्या सकाळी त्यांनी चंडोल दाखवला, तुरीच्या शेतावर एका जागी पंख फडफडवत उभी राहिलेली कापशी घार दाखवली, उघड्या माळावर तुरुतुरु धावणारा धाविक दाखवला. ह्यांचा चेहरा उजळून गेला होता. मी पक्षी एकही नीट पाहिला नाही. माझं सगळं लक्ष तुरीत होतं. डिसेंबरातली तूर, खांद्याएवढी वाढलेली, आत काय बसलंय ते ब्रह्मदेवालासुद्धा दिसायचं नाही. वाऱ्यानं शेंगा वाजल्या की मी ह्यांचं जाकीट धरायचे. परत आल्यावर नाश्ता गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी येणार नव्हते. पण मी खोलीत बसून राहिले आणि ह्यांना तिकडे काही झालं तर, या विचारानं जास्त भीती वाटली, म्हणून शाल गुंडाळून निघाले. भित्र्या माणसाचं हे असंच असतं, त्याला घरीही बसवत नाही.

ऊन नुकतं अंगाला लागायला लागलं होतं. मावशी पुढे, मध्ये हे, मागे मी. वाट बांधावरची, एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला वाळलेलं गवत. बाभळीवर कापशी येऊन बसली तसे हे थांबले आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. मावशी काही सांगायला मागे वळल्या आणि वळता वळताच थांबल्या. त्यांचा चेहरा एकदम बदलला. अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “साहेब, बिलकुल हलू नका. जनावर हाय.”

जनावर! मला वाटलं, त्या आमच्या पलीकडे तुरीत बघतायत. हे तर पुतळ्यासारखे उभे, दुर्बीण तशीच डोळ्यांना. मला वाटलं, पक्ष्याच्या नादात ह्यांना ऐकूच गेलं नाही. आता बिबट्या येणार आणि ह्यांच्या मानेवर झेप घालणार. त्या क्षणी मला फक्त तो कागद आठवला. मी शालीसकट दोन्ही हात वर केले, जिवाच्या आकांतानं ओरडले, पाय दाणदाण आपटले आणि ह्यांचं जाकीट धरून सगळ्या ताकदीनं मागे ओढलं.

ह्यांचा डावा पाय मागे पडला तो गवतात. हे फक्त “आई गं” म्हणाले आणि खाली बसले.

मावशींनी काठीनं काहीतरी दूर उडवलं. जाडजूड, मातकट, अंगावर साखळीसारखे ठिपके. ते फुसफुसत बांधाखाली उतरलं, कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटते ना, तसा आवाज. मी अजून तुरीकडेच बघत होते. बिबट्या कुठाय, बिबट्या कुठाय, असं विचारत होते म्हणे.

“बिबट्या?” मावशी म्हणाल्या, “ताई, जनावर म्हंजे साप. घोणस हाय ती. एरवी आम्ही रानात नाव घेत न्हाई त्याचं.”

मराठीची शिक्षिका मी. मुलांच्या वह्यांत शब्दांचे अर्थ तपासण्यात हयात गेली. साप ह्यांच्या पायाशी होता, आणि वाचायचा उपाय एकच होता, जागचं न हलणं. आणि मी पाय आपटून सापाला डिवचलं होतं आणि नवऱ्याला ओढून त्याच्या तोंडी दिलं होतं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. घोट्याच्या वर मोज्यावर रक्ताचे दोन थेंब. मी शाल फाडून पाय आवळून बांधायला निघाले, तर मावशींनी माझा हात धरला, बांधायचं न्हाई, चालू द्यायचं न्हाई, असं म्हणून बूट-मोजा अलगद काढला आणि पाय सरळ ठेवून काठी लावून हलकेच गुंडाळला. मग शेजारच्या शेतात हाक मारली. तिथले दोघं बाज घेऊन धावत आले. ह्यांना बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, मावशींनी तिकडूनच फोन करून हॉटेलची जीप बोलावली होती. मी नुसती रडत बाजेमागे पळत होते, एक चप्पल कुठे गेली ते अजून माहीत नाही.

जीपमध्ये ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. गाडी खड्ड्यातून गेली की ह्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. ड्रायव्हरनं विचारलं, कसं झालं साहेब? तर हे म्हणाले, “हिनं वेळेवर ओढलं हो. नाहीतर पुरता चावला असता.” मला वाटलं, ह्यांना काही कळलंच नाहीये. मागे बसलेल्या मावशी ह्यांचा पाय हलू नये म्हणून धरून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती.

अंबडच्या सरकारी दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी पाय बघितला, ह्यांच्या दंडातून थोडं रक्त काढलं आणि काचेच्या साध्या नळीत भरून खिडकीत उभं करून ठेवलं. मला म्हणाल्या, काकू, ह्या नळीला हात लावायचा नाही, हलवायची नाही. वीस मिनिटं. रक्त गोठलं तर विष फारसं गेलेलं नाही. पातळच राहिलं तर गेलंय, मग लगेच औषध सुरू करायचं. मी विचारलं, आणि औषध दिल्यावर बरे होतील ना? त्या म्हणाल्या, प्रयत्न करू. ‘डॉक्टरांनी प्रयत्न केले’ असं पेपरात येतं त्याच्या पुढच्याच ओळीत काय असतं, ते मला माहीत आहे.

वीस मिनिटं मी त्या नळीकडे बघत उभी होते. एवढीशी नळी, तळाशी दोन बोटं रक्त. माझ्या श्वासानं हलेल म्हणून पदर तोंडावर धरला. आयुष्यात देवाकडे फारसं मागितलेलं नाही, पण त्या दिवशी काय काय कबूल केलं ते सांगायची लाज वाटते. आतून हे शेजारच्या पेशंटशी बोलत होते. बायकोनं ओढलं म्हणून वाचलो, बरं का. मला वाटलं, आत जाऊन त्यांचं तोंड दाबावं. हे गेले आणि शेवटपर्यंत हेच समजत गेले, तर मी खरं काय ते कुणापाशी बोलणार होते?

डॉक्टरीणबाई आल्या. नळी उचलून हळूच आडवी केली. रक्त जागचं हललं नाही. घट्ट लागलेल्या दह्यासारखं तसंच राहिलं.

मी भिंतीला टेकून खाली बसले. त्या म्हणाल्या, एवढ्यावर नाही सोडायचं काकू, पुन्हा पुन्हा बघावं लागेल, उद्या सकाळपर्यंत इथेच. बहुधा दात टेकले, विष ओतलंच नाही. कधी कधी असं होतं. मग दर थोड्या वेळानं नर्स रक्त काढायची, नळी खिडकीत जायची आणि प्रत्येक वेळी माझा जीव त्या नळीत अडकायचा. दुपारपर्यंत चार वेळा गोठलं. पायाची सूजही वाढली नाही.

मावशी दारातच बसून होत्या. चार वेळा गोठल्यावर उठल्या, ह्यांच्या पायाकडे बघून घेतलं आणि मला म्हणाल्या, ताई, मंग मी निघते, घरी म्हैस हाय. मी त्यांचे दोन्ही हात धरले. माफी मागायची होती, पण नुसतीच रडले. त्या म्हणाल्या, तुमच्याकडं सापाला जनावर म्हणत नसतील. एवढंच.

संध्याकाळी वॉर्ड जरा शांत झाला. कुणाच्या तरी नातेवाइकाला हे पुन्हा तेच सांगत होते. तो माणूस उठून गेला, आणि माझ्याच्यानं राहवेना. मी स्टूल ओढून जवळ बसले. म्हटलं, “अहो, मी ओढलं म्हणून तुम्ही वाचला नाहीत. मी ओढलं म्हणून तो चावला. मला बिबट्या वाटला.”

हे म्हणाले, “माहितेय मला.”

“काय माहितेय?”

“मावशी जनावर म्हणाल्या तेव्हाच कळलं. आमच्याकडं सापाला तसंच म्हणतात. म्हणून तर उभा होतो ना मी.”

मग सगळ्यांना असं का सांगत सुटलात, असं मी विचारलं. जरा चिडूनच. दिवसभराची भीती कुठून तरी बाहेर पडायला बघत होती. हे छताकडे बघत म्हणाले,

“बाजेमागनं तू पळत होतीस ते दिसत होतं मला. वाटलं, मी गेलो तर ही जन्मभर हेच उगाळत बसणार. निदान चार माणसांनी तरी तुला सांगितलं असतं, की साहेब स्वतःच म्हणत होते, हिनं वेळेवर ओढलं म्हणून.”

म्हणजे ह्यांना वाटलं होतं. जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून, आठ्या घालून, ड्रायव्हरशी गप्पा मारताना ह्यांना वाटलं होतं की आपण जाणार. आणि जाताना ह्यांनी तेवढंच एक काम उरकायला घेतलं होतं. मी समजत होते की आमच्यात भिणारी मी एकटीच.

नर्स पुन्हा रक्त घ्यायला आली तेव्हा मी ह्यांचा चांगला, उजवा पाय चादरीवरून घट्ट धरून बसले होते, आणि ती म्हणाली, काकू, जरा सरका.