इंदूबाई आणि पिंटूचा गुडघा

मारेगावात कुणी बाळंतीण झाली की घरच्यांना आधी इंदूबाई आठवते. कपाशीचं शेत सांभाळून ती बाळ-बाळंतिणीला तेल लावून चोळायचं काम हौसेनं करते. कोमट तेलाचा तिचा हात अंगावरून फिरला की किरकिरं पोरही गप्प होतं. याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

पोटच्या पिंटूपुढे मात्र या हाताचं काही चालत नसे. पिंटू आता तिशीचा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. जन्मापासून त्याचं रक्त लवकर गोठत नाही. गुडघ्यात आतल्या आत रक्त साचायचं, गुडघा टम्म फुगायचा, आणि इंदूबाई तेल घेऊन बसायची. चोळून चोळून तिचे अंगठे भरून येत, पण गुडघा वाकडा झाला तो झालाच.

यंदा यवतमाळच्या दवाखान्यात अशा रुग्णांसाठी नव्या इंजेक्शनचा अभ्यास सुरू झाला आणि पिंटूचा त्यात नंबर लागला. सूज थांबली. गडी पायी दुकानात जाऊ लागला. डॉक्टर प्राचीनं बजावलं होतं, गुडघा चोळायचा नाही, दुखलाच तर बर्फ लावायचा.

"दुखत्या पायाले बर्फ? कुल्फी करून राह्यले का त्याची?" इंदूबाई घरी येऊन नवऱ्याला म्हणाली. हे नियम नव्या औषधापुरते असतील, असं माउलीनं स्वतःच ठरवून टाकलं. एके दिवशी गुडघा जरा आखडला, तर तिला राहवलं नाही. तिनं अंगठे रोवून चोळला. सकाळी गुडघा भोपळ्याएवढा.

"आपोआप सुजला, मॅडम," पिंटूनं दवाखान्यात सांगितलं.

प्राचीचा चेहरा पडला. "आपोआप असेल, तर हे औषध तुम्हाला लागू पडत नाही. बंद करायचा विचार करावा लागेल."

शेजारी बसलेल्या इंदूबाईनं हे ऐकलं. खरं सांगावं तर आजवरचं नाव मातीत, गप्प बसावं तर पोराचं औषध जातंय.

"म्याच चोयला," ती म्हणाली. "तुमी नाही म्हनल्यावर बी. पन औषध नोयतं तवा तं चाले ना?"

"नाही, काकू. चोळल्यानं आतलं रक्त वाढतं. तेव्हा तर जास्तच." प्राची हे हळू बोलली. चोळल्यामुळे सूज आली अशी नोंद तिनं केली आणि औषध चालू ठेवलं.

बाहेर बाकावर इंदूबाई स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. त्या हातांची तिला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

"लय दुखे का रे तुले, मी चोयत होतो तवा?"

"दुखे."

"मंग काहून नाही सांगतलं?"

पिंटूनं तिचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला.

"चोयल्यावरच तुले झोप लागे, माय."